तेरवीनंतरची बातमी

१८५८ च्या मार्च महिन्यात एकाच लढाईच्या दोन टोकांना दोन माणसं होती. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार विल्यम हॉवर्ड रसेल सर कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेबरोबर लखनौला पोचला होता. चार वर्षांपूर्वी क्रिमियाच्या रणातून त्याने पाठवलेल्या पत्रांनी इंग्लंडात खळबळ उडवली होती आणि युद्धवार्ताहर नावाचा पेशा असतो हे जगाला त्याच्यामुळे कळलं होतं. त्याच सुमारास झाशीत, इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या तोफांच्या माऱ्याखाली, कोकणातल्या वरसईचा एक भिक्षुक अडकला होता. घरावरचं कर्ज फिटावं, चार पैसे दक्षिणा मिळावी, म्हणून विष्णुभट गोडसे काकांबरोबर उत्तरेत गेले होते आणि १८५७ च्या बंडाच्या ऐन वणव्यात सापडले होते.

रसेलला फौजेचं संरक्षण होतं, मुक्कामाला तंबू होता, मजकूर विलायतेला धाडायची सोय होती. तो अप्रामाणिक मुळीच नव्हता. आपल्याच बाजूने चालवलेल्या सुडाबद्दल त्याने स्पष्ट लिहिलं आहे. पण लढाई संपली की त्याला पुढच्या मुक्कामाला जाता येत होतं. गोडसेभटजी कुठे जाणार? शहर पडलं तेव्हा ते शहरातच होते. कुठे लपलो, पाणी कुठून मिळालं, कोणत्या वाड्यात काय घडलं, हे त्यांनी डोक्यात साठवलं आणि पुष्कळ वर्षांनी लिहून काढलं. ‘माझा प्रवास’ छापून आलं १९०७ साली. लढाई सैन्याच्या बाजूने पाहायची की घराच्या, याचा धडा मराठीला त्या पुस्तकाने दिला, असं मी मानतो.

यवतमाळ जिल्ह्यात बातमीदारी करण्यात माझं आयुष्य गेलं. सैनिकी युद्ध मी पाहिलेलं नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या डोंगरांवरून तोफांचे आवाज दिवाणखान्यात येऊ लागले, तेव्हा आमच्या पिढीतल्या कित्येक तरुण वार्ताहरांना तिकडे जावंसं वाटलं, मलाही वाटलं. पण त्याच काळात आमच्या जिल्ह्यात, कोणी युद्ध पुकारलेलं नसताना, माणसं पडत होती. एका गावात आज, दुसऱ्या गावात चार दिवसांनी. तिथे जाणं, पाहणं, नीट विचारून घेणं आणि लिहिणं हेच काम माझ्या वाट्याला आलं, आणि हे आघाडीवरचंच काम आहे हे समजायला मला कोणी सांगावं लागलं नाही. फरक इतकाच, की या आघाडीवर वार्ताहर बाहेरून येत नाही. मेलेला माणूस कधी त्याच्या मामेभावाचा शेजारी असतो, कधी शाळेतला सोबती. वार्ताहराच्या स्वतःच्या घरी कोरडवाहू शेत असतं आणि पावसाने दडी मारली की त्याच्याही पोटात गोळा येतो. गोडसेभटजींच्या गोतातले आम्ही.

पण रसेलचाही आमच्याशी एक संबंध आहे. हिंदुस्थानातून परतल्यावर १८६१ मध्ये तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या बातम्या द्यायला गेला. त्या युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि गिऱ्हाईक वऱ्हाडाकडे वळलं. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात आलेलाच होता. भाव असे चढले की ज्वारीच्या रानात कापूस आला. १८६५ ला तिकडे युद्ध संपलं आणि इकडे भाव कोसळला. ज्यांनी चढत्या भावावर विसंबून कर्ज काढलं होतं त्यांचं काय झालं असेल, ते आजच्या यवतमाळात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. तेव्हा या जिल्ह्याचं नाव ‘वणी’ होतं. यवतमाळ हे नाव १९०५ चं. पुढे मुर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत शकुंतला रेल्वे आली तीही मुख्यतः कापसाच्या गाठी न्यायला. म्हणजे दूरच्या रणांगणावर, दूरच्या बाजारात कोणीतरी काही ठरवायचं आणि त्याचा मार आमच्या पऱ्हाटीच्या तासांत बसायचा, हे दीडशे वर्षांहून जुनं आहे. हल्ली फक्त ते मोबाइलवर लवकर कळतं.

शेतकरी आत्महत्यांच्या या लढाईतलं पहिलं मोठं नाव आमच्याच जिल्ह्यातलं. महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे. गावचे सरपंच राहिलेले, संगीताची आवड असलेले, चांगल्या शेतीचे धनी. १९ मार्च १९८६ रोजी त्यांनी पत्नी मालती आणि चार मुलांसह पवनारजवळच्या दत्तपूरला जीवन संपवलं. शेतकरी म्हणून जगणं अशक्य झालं आहे, असं त्यांनी मागे लिहून ठेवलं होतं. एक घरच्या घर नाहीसं झालं. बातमी छापून आली, लोक हळहळले, आणि ती बातमी तिथेच थांबली. तिच्या मागे गावोगाव काय शिजतं आहे, हे पाहायला त्या वेळी फारसं कोणी निघालं नाही. आता १९ मार्चला राज्यात ठिकठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. अमर हबीब आणि किसानपुत्र आंदोलनाने ही रीत सुरू केली. माझ्या मनात मात्र दरवर्षी तोच विचार येतो: १९८६ च्या उन्हाळ्यात एखादा बातमीदार चिलगव्हाणला जाऊन महिनाभर राहिला असता तर?

आमच्याकडे बातमी येते ती अशी. सकाळी तालुक्याच्या वार्ताहराचा फोन. गावाचं नाव, माणसाचं नाव, वय, जमीन किती. त्याला ही माहिती पोलीस पाटलाकडून किंवा ठाण्यातल्या मर्गच्या, म्हणजे अकस्मात मृत्यूच्या, नोंदीतून मिळालेली असते. हा तालुक्याचा वार्ताहर पगारी माणूस नसतो. महिन्याला हातात पडतं ते मानधन पेट्रोललाही पुरत नाही. वर्षाकाठी पुरवणीसाठी जाहिराती गोळा करून द्यायच्या, हीच त्याची खरी परीक्षा. आणि गावाकडच्या जाहिराती देतो कोण? कृषी केंद्रवाला, बियाण्यांचे विक्रेते, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे कार्यकर्ते. ज्याच्या दुकानातल्या बोगस बियाण्याची बातमी करायची त्याच्याकडेच दिवाळीत जाहिरात मागायची, हे ज्याने केलं नाही त्याला या कामातलं खरं संकट कळणार नाही. रणांगणावरच्या वार्ताहराला गोळी लागण्याची भीती असते. आमच्या तालुक्याच्या माणसाची भीती वेगळी: बातमी लिहिली तर उद्या बाजारात राम राम घ्यायला कोणी थांबणार नाही, आणि नाही लिहिली तर रात्री झोप येणार नाही. मी अशी माणसं पाहिली आहेत ज्यांनी लिहिलं. यवतमाळच्या बातमीदारीची जी काही अब्रू आहे, ती त्यांची आहे.

लोकनायक बापूजी अणे यांनी १९१८ मध्ये याच यवतमाळातून ‘लोकमत’ साप्ताहिक काढलं. पारतंत्र्यात, कापसाच्या या गावात, वर्तमानपत्र काढून सरकारला प्रश्न विचारणारी माणसं होती, हे मी नव्या मुलांना मुद्दाम सांगतो. इथे लिहिणं ही जिल्हा पातळीवरची दुय्यम गोष्ट आहे असं कोणी मनात आणू नये.

मेलेल्या शेतकऱ्याच्या घरात गेल्यावर काय करायचं, हे कोणत्याही पत्रकारितेच्या वर्गात शिकवता येत नाही. घाटंजी तालुक्यातल्या एका घरी मी गेलो तेव्हा नुकतीच पहिली वेचणी झाली होती. समोरच्या खोलीत कापूस भिंतीपर्यंत रचलेला. भाव नाही म्हणून ठेवलेला. त्या कापसाच्या अंगाला, जिथे जागा उरली होती तिथे, पुरुष बसले होते. बाया आतल्या दाराशी. घरभर सरकीचा तो उबट वास. मी खाली बसलो, पाणी प्यालो. वही बाहेर काढली नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्या तरुण बाईने दाराशीच उभं राहून विचारलं, “बँकवाला त कालच येऊन गेला. तुमाले कोनता कागद पाह्यजे?”

तिला मी कचेरीतला माणूस वाटलो होतो. मी म्हटलं, “ताई, मी पेपरचा माणूस. मला कागद नको.” तिचा विश्वास बसला नसावा. ती आत गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. सातबारा, आठ-अ, पासबुक, आधार, कृषी केंद्राच्या उधारीच्या चिठ्ठ्या, सगळं त्यात. नवऱ्याला जाऊन पाच दिवस झाले होते आणि पाच दिवसांत तिने ती पिशवी किती वेळा उघडली असेल कोण जाणे. कोपऱ्यातून सासू बोलली, “आमच्या पोराचं नाव नीट लिवा, भाऊ. बँकेनं चुकवलं व्हतं. मांगच्या माफीत बसला नाई त्याच्यानं.”

पासबुकावर एक नाव, आधारावर दुसरं, सातबाऱ्यावर बापाचं. मी तिन्ही नावं उतरवून घेतली, त्या म्हातारीला वाचून दाखवली, आणि छापताना तिने सांगितलं तेच छापलं. नाव नीट लिहिणं इतकी साधी गोष्ट. पण जिथे एका अक्षरावरून माणूस कर्जमाफीच्या यादीतून गळतो, तिथे ती साधी राहत नाही.

मरणानंतर या घरांत दुसरी लढाई सुरू होते आणि तिच्या बातम्या फार कमी येतात. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात कुटुंबाला एक लाख रुपये मदत देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला, त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. तलाठी पंचनामा करतो, तहसीलदार अहवाल देतात, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत प्रकरण पात्र की अपात्र हे ठरतं. जमीन नावावर हवी. कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं, वसुलीचा तगादा हवा. आता आमच्या गावांत बघा. जमीन म्हाताऱ्या बापाच्या नावावर असते आणि कसतो मुलगा. बँकेचं कर्ज एकदा थकलं की बँक दारात उभं करत नाही. मग पैसा येतो बिनपरवान्याच्या सावकाराकडून, नातेवाइकाकडून, कृषी केंद्राच्या उधारीतून. यातलं काहीच कागदावर नसतं. म्हणजे जो सगळ्यात जास्त पिचला, त्याचंच प्रकरण अपात्र व्हायची शक्यता सगळ्यात जास्त. ठेक्याने शेती करणाऱ्याचं तेच. आणि बाईने जीव दिला तर ती शेतकरी होती हे सिद्ध करणार कोण? निंदण, वेचणी, खत टाकणं, सगळं तिने केलेलं असतं. सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही गोष्ट फार आधी आणि फार ठामपणे मांडली: मोजणीची पद्धतच अशी आहे की तिच्यातून माणसं निसटतात.

साईनाथ विदर्भात वारंवार येत होते, घरोघर बसत होते. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेली एक गोष्ट आमच्या पेशाने कायम लक्षात ठेवावी अशी आहे. २००६ मध्ये मुंबईतल्या एका फॅशन सप्ताहासाठी ५१२ पत्रकारांची नोंदणी झाली होती, तिथे सुती कपड्यांचं कौतुक चाललं होतं. आणि ज्या रानांतून तो कापूस येतो तिथल्या मरणांवर लिहायला बाहेरचे पाच-सहाच पत्रकार होते. त्याच वर्षी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. २००८ मध्ये केळापूर-मारेगावच्या पट्ट्यातल्या जळक्याच्या कलावती बांदुरकर यांचं नाव थेट संसदेत गाजलं. २०१४ मध्ये आर्णी तालुक्यातल्या दाभडीत नरेंद्र मोदी शेतकऱ्यांशी चर्चेला बसले. अशा प्रत्येक वेळी रस्ते झाडले गेले, गाड्यांची रांग लागली, दिल्ली-मुंबईचे कॅमेरे आले. ते आले हे बरंच झालं. त्यांच्यामुळे देशाने यवतमाळचं नाव ऐकलं. पण कॅमेऱ्याला वेळ नसतो. मी एका घरी पाहिलं आहे: नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढून बाईच्या मांडीवर ठेवला, हार सारखा केला, आणि उजेड नीट पडेना म्हणून तिला दोनदा जागा बदलायला लावली. तिने दोन्ही वेळा मुकाट्याने जागा बदलली. तिच्या धाकट्या मुलाला वाटलं, वडिलांचा फोटो आता हे लोक घेऊन जाणार. तो आईच्या पदराला धरून रडायला लागला, आणि ते रडणं मात्र कॅमेऱ्याने टिपलं.

आत्महत्येचं वार्तांकन कसं करावं याच्या मार्गदर्शक सूचना भारतीय प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये स्वीकारल्या. पद्धत सांगू नका, जागेचं वर्णन करू नका, ठळक मथळा देऊ नका, एकाच कारणावर सगळं ढकलू नका, मदत कुठे मिळते ते द्या. जागतिक आरोग्य संघटना हे बरीच वर्षं सांगत होती. मला या सूचना मनापासून पटतात. वाचणाऱ्यांत एखादा असा असतो जो काठावर उभा आहे. आपल्या बातमीतलं एखादं वाक्य त्याला ढकलू शकतं आणि एखादं वाक्य थांबवूही शकतं. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. वाचक आणि बातमीतला माणूस यांच्या धुऱ्याला धुरा लागलेला असतो.

पण त्यातली ‘एकाच कारणावर ढकलू नका’ ही सूचना पाळायला सगळ्यात कठीण. घरात भाव पडलेला असतो, दुबार पेरणी झालेली असते, बहिणीच्या लग्नाचं देणं असतं, कधी आजार असतो, कधी दारूही असते. अहवालात दारू लिहिली की प्रकरण अपात्र व्हायला बळ मिळतं, म्हणून घरचे ती लपवतात. चळवळीतले मित्र म्हणतात, दारूचा उल्लेख नको, सरकारच्या हातात कोलीत मिळतं. मी दोघांचं ऐकतो आणि तरी म्हणतो, की सगळं लिहावं. पण क्रमाने लिहावं. कर्ज आधी थकलं की दारू आधी सुरू झाली, हे विचारावं. बहुतेक घरांत उत्तर स्पष्ट मिळतं. माणूस निर्दोष असल्याशिवाय त्याच्या मरणाला किंमत नाही, असं आपण का समजावं?

२०१७ चा पावसाळा मात्र वेगळाच होता. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. किडींचा हल्ला जबर, त्यात गुलाबी बोंडअळी. मालकांनी फवारणीमागून फवारणी केली, दोन-तीन औषधं एकत्र करून केली. फवारणारे होते शेतमजूर. पाठीवर पंप, अंगात बनियन, तोंडाला फार तर रुमाल, आणि पऱ्हाटी एवढी दाट की फवारा वर जाऊन पुन्हा त्यांच्याच अंगावर. जुलैपासून माणसं आजारी पडायला लागली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात वॉर्ड भरले. मी त्या वॉर्डात उभा राहिलो आहे. तरणीताठी माणसं, हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधलेले, कारण विषाने आणि उताऱ्याच्या औषधानेही ती बेभान होत होती. कोणाला दिसत नव्हतं. एकाची बायको त्याच्या उशाशी बसून त्याला खोलीत काय काय आहे ते सांगत होती: इकडे खिडकी आहे, इकडे तुमचे दादा उभे आहेत. तो मान वळवायचा आणि भलतीकडेच बघायचा. जिल्ह्यात वीसहून अधिक मजूर-शेतकरी गेले, शेकडो बाधित झाले. रक्तातल्या विषाचा परिणाम मोजणारी कोलिनएस्टरेज तपासणी त्या रुग्णालयात होत नव्हती. विशेष तपास पथक नेमलं गेलं, काही कीटकनाशकांवर काही काळ बंदी आली, पुढे हे प्रकरण स्वित्झर्लंडपर्यंत गेलं.

ही माणसं आत्महत्या करणारी नव्हती, त्यांतल्या अनेकांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. रोजाने फवारायला गेलेली. पहिल्या काही आठवड्यांत त्यांच्या बातम्या आतल्या पानांवर एका रकान्यात आल्या, तालुक्याच्या वार्ताहरांनी पाठवलेल्या. एका गावचा एक, दुसऱ्या गावचे दोन. त्या सुट्या बातम्या एकत्र ठेवून पाहिल्या तेव्हाच कळलं की हा योगायोग नाही. राज्याचे कॅमेरे आले ते ऑक्टोबरच्या सुमारास. मधल्या काळात जर ते एक-एक रकान्याचे तुकडे पाठवणारे लोक कंटाळले असते, ‘हे तर रोजचंच’ म्हणाले असते, तर किती काळ कोणाला पत्ता लागला नसता! दीर्घ लढाईत बातमीदाराचा सगळ्यात मोठा शत्रू सवय असतो. पंचविसावी बातमी पहिलीइतक्याच काळजीने लिहिणं, यालाच मी या पेशातलं शौर्य म्हणतो.

११ जानेवारी २०१९ ला यवतमाळात ९२ वं मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्‌घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं होतं, त्यावरून मोठा वाद झाला होता, आणि तो वाद योग्यच होता. शेवटी उद्‌घाटनाला उभ्या राहिल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. शेतकऱ्याची विधवा, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम करणारी, शिवणकाम करणारी. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात अशाच एकल महिलांबरोबर त्या काम करत होत्या. मंडपात हजारो माणसं. ती बाई आपल्या वऱ्हाडी बोलीत बोलली आणि मंडप गप्प झाला. मी पत्रकारांच्या रांगेत होतो. आम्ही ज्यांच्या घरी जाऊन प्रश्न विचारत आलो, त्यांच्यातलीच एक आज उभी राहून स्वतःच सांगत होती, आणि आम्हाला फक्त ऐकून लिहायचं होतं. तिच्या भाषणात नवऱ्याच्या मरणापेक्षा त्याच्या मागे राहिलेल्यांच्या जगण्याचा भाग जास्त होता. मला ते फार महत्त्वाचं वाटलं. आम्ही मरणाच्या बातम्या देत राहिलो. लढत तर या बाया होत्या.

तेव्हापासून माझा आग्रह एकच आहे: तेरवीच्या आधी एकदा जा, पण तेरवीनंतर नक्की जा. पाहुणे परततात, मंडपाचे बांबू जातात, पुढाऱ्यांचं येणं थांबतं, आणि मग बाईला कळतं की नवऱ्याने कोणाकोणाकडून किती घेतलं होतं. दीर म्हणतो, जमीन आमच्या नावावर करून दे, पोरांना आम्ही बघू. माहेरचे म्हणतात, ये इकडे. ती दोन्हीकडे जात नाही. शेतावर जाते. या जिल्ह्यातल्या कित्येक कपाशीच्या रानांत आज जी पेरणी दिसते ती अशा बायांनी केलेली आहे.

सध्या एका तालुक्यातून एक मुलगी बातम्या पाठवते. तिचे वडील शेतमजूर, ती बी.ए. झालेली, स्कूटीवर गावं हिंडते. परवा तिने विचारलं, “काका, एका घरी नेमकं कधी जावं? लोक म्हणतात तुम्ही घाईनं येता.” मी म्हटलं, पहिल्या वेळी बातमीसाठी जाशील तेव्हा कमी विचार. नाव, वय, जमीन, मुलं. मोबाइल पिशवीत ठेव. दुसऱ्या वेळी समितीची बैठक झाल्यावर जा. प्रकरण पात्र झालं की अपात्र, आणि अपात्र असेल तर कारण काय लिहिलं, त्याची प्रत बघ. बाईला कारण कोणी सांगितलेलं नसतं, तू वाचून दाखव. तिसऱ्या वेळी मृगाच्या आगेमागे जा. फेरफार झाला का? वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचं नाव चढलं का? नवऱ्याचं थकलेलं असताना बँक तिला नवं पीककर्ज देते का? बियाण्याच्या पाकिटाला पैसे कोणी दिले, आणि शेकडा किती व्याजाने? बैलजोडी विकली की आहे? हे सगळं जूनमध्येच कळतं, कारण जूनमध्येच तिला पुढच्या वर्षाचा निर्णय घ्यावा लागतो.

तिने सगळं वहीत उतरवलं. मग म्हणाली, “पण काका, तिसऱ्या वेळची बातमी डेस्क घेईल का?” मी तिला सांगितलं, की पहिल्यांदा घेणार नाहीत, दुसऱ्यांदाही कापतील. एकाच तालुक्यातल्या दहा घरांचं एकत्र लिही, कर्जाचे आकडे आणि नकाराची कारणं शेजारी-शेजारी मांड, मग त्यांना नाही म्हणता येणार नाही. तिच्याकडे दहा घरांची यादी आत्ताच आहे. त्यांतल्या तीन घरी जमीन अजून सासऱ्याच्या नावावर आहे, तिथे आधी तलाठ्याकडे जायचं ठरलं आहे. जूनचा पहिला पंधरवडा तिने या कामासाठी मोकळा ठेवला आहे, आणि मीही.